पंपाला गेलेला तडा आणि एपॉक्सीचे लुकण

2016 च्या मे महिन्यातली गोष्ट. चिपळूणला मावशीकडचे लग्न आटोपून आम्ही कराडला परत निघालो होतो. गाडी वडिलांची, 1980 च्या दशकातली, म्हणजे वयाने माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरीच मोठी. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाची चढण सुरू झाली आणि दोन-तीन वळणांतच तापमान दाखवणारा काटा लाल पट्ट्यात शिरला. बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि पाऊण तास झाडाखाली बसून राहिलो. इंजिन निवल्यावर वाकून पाहिले, तो पाण्याच्या पंपाच्या बिडाच्या कवचाला खालच्या बाजूने केसासारखा बारीक तडा गेलेला. त्यातून थेंब थेंब पाणी गळत होते.

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. हत्यारांच्या पिशवीत पाच मिनिटांत घट्ट होणारे, दोन नळ्यांचे एपॉक्सी होते. रुमालाने पंप पुसला, दोन्ही नळ्यांतील लगदा एकत्र कालवला आणि तड्यावर जाड थर थापला. अर्धा तास थांबून पाणी भरले व निघालो. सौभाग्यवतींना म्हणालो, "बघ, विज्ञान असे उपयोगी पडते!" पुढच्या पाच किलोमीटरांत काटा पुन्हा लाल! तो थर जखमेवरची खपली निघावी तसा अख्खाच्या अख्खा सुटून आला होता.

शेवटी रडतखडत घाटाखालच्या एका गावातील गॅरेज गाठले. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी नवा पंप मिळायला चार दिवस लागतील असे सांगितले. मग तोच पंप त्यांनी एपॉक्सीनेच दुरुस्त केला, आणि ती दुरुस्ती मात्र टिकली. पदार्थ जवळजवळ तोच, पंप तोच, तडाही तोच. मग माझा थर का सुटला आणि त्यांचा का टिकला? या लेखात आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

पंप नसेल तर काय होते?

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढीच गाडी ओढण्याच्या कामी येते. बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि सुमारे एक तृतीयांश इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला मिळते. हे पाणी इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात फिरवत ठेवण्याचे काम पंप करतो. तो केंद्रोत्सारी जातीचा असतो. कवचाच्या आत पात्यांचे एक चक्र गरगर फिरते आणि पाण्याला बाहेरच्या दिशेने फेकते. चक्राला गती मिळते ती इंजिनाच्या पट्ट्याकडून.

आता थोडे गणित करू. समजा, चढणीवर दर सेकंदाला 20 किलोज्यूल उष्णता पाण्याला मिळते आहे आणि एकंदर पाणी 6 लिटर आहे. एक किलोग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवण्यास 4.2 किलोज्यूल लागतात. म्हणजे 6 किलोग्रॅमला सुमारे 25 किलोज्यूल लागतील. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर पाणी दर सेकंदाला जवळजवळ पाऊण अंशाने तापेल आणि 80 अंशांवरून 100 अंशांवर जायला अर्धा मिनिटही लागणार नाही! प्रत्यक्षात इंजिनाचे लोखंडही काही उष्णता शोषते, म्हणून थोडी जास्त सवड मिळते. पण हिशेब मिनिटांचाच. त्यानंतर इंजिनाचे हेड वाकते, पॅकिंग जळते आणि शेदोनशे रुपयांचे काम हजारांवर जाते. म्हणून काटा लाल झाला की 'एवढी चढण संपू दे' असे म्हणू नये.

पाण्याचा जोर केवढा?

रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे असते. जुन्या गाड्यांत ते आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे अर्ध्या वातावरणाने वाढू देते. त्यामुळे पाणी 100 ऐवजी सुमारे 112 अंशांना उकळते. अर्धे वातावरण म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 5 न्यूटन, म्हणजेच अर्ध्या किलोग्रॅमच्या वजनाइतका जोर.

आमचा तडा 4 सेंटीमीटर लांब होता. त्याची रुंदी 0.2 मिलिमीटर धरू. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ झाले 0.08 चौरस सेंटीमीटर. त्यावर पाण्याचा जोर फक्त 0.4 न्यूटन, म्हणजे 40 ग्रॅम वजनाइतका! हा जोर लिंबाच्या वजनाइतकासुद्धा नाही. मग थर उखडला कसा?

याचे उत्तर त्या सुटलेल्या खपलीच्या मागच्या बाजूवर लिहिलेले होते. मिस्त्रींनी ती हातात घेऊन उलटी केली. मागे काळसर, तेलकट थर आणि गंजाची भुकटी चिकटलेली होती. ते म्हणाले, "सर, तुमचं लुकण बिडाला चिकटलंच नाही. ते मळाला चिकटलं, आणि मळ निघाला."

पाणी आधी मळाच्या थरात शिरले आणि खपलीखाली पसरत गेले. खपलीचे क्षेत्रफळ होते सुमारे 12 चौरस सेंटीमीटर. म्हणजे आता जोर झाला 60 न्यूटन, 6 किलोग्रॅम वजनाइतका. शिवाय तो एका कडेपासून सोलत जाणारा जोर. जखमेवरची चिकटपट्टी सरळ ओढून निघत नाही, पण कडेने सोलली की सहज निघते. कारण सोलताना सगळा जोर एका रेषेवर येतो. इथेही नेमके तेच झाले.

तुटलेला सांधा तपासताना अभियंते पहिला प्रश्न हाच विचारतात: चिकटद्रव्य स्वतः फाटले, की पृष्ठभागापासून सुटले? दोन्ही बाजूंना त्याचे अवशेष राहिले असतील तर त्याचे ससंजन, म्हणजे आपसांतले बंधन, कमी पडले. एक बाजू लख्ख कोरी निघाली तर आसंजन, म्हणजे दुसऱ्या पदार्थाशी असलेले बंधन, कमी पडले. माझा सांधा दुसऱ्या प्रकारचा. दोष एपॉक्सीचा नव्हता, माझ्या रुमालाचा होता.

दोन नळ्यांत असते काय?

एपॉक्सीचा इतिहास गमतीचा आहे. स्वित्झर्लंडमधील पिअर कास्तां हे रसायनज्ञ 1930 च्या दशकाच्या अखेरीस दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते. त्यातून ही राळ हाती आली. पुढे बाझल येथील सिबा कंपनीने ती घेतली आणि 1940 च्या दशकात 'अरल्डाइट' या नावाने बाजारात आणली. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हे रंगांसाठी राळा शोधताना स्वतंत्रपणे याच वाटेवर पोचले होते.

पहिल्या नळीतील राळेच्या रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक लहानसा त्रिकोण असतो. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून तो बनतो. कार्बनच्या बंधांना एरवी सुमारे 109 अंशांचा कोन हवा असतो. इथे त्यांना 60 अंशांत कोंबलेले असते, म्हणून हा त्रिकोण वाकवून धरलेल्या वेताच्या छडीसारखा ताणलेला असतो आणि उघडायची संधीच शोधत असतो. दुसऱ्या नळीतील दृढकारकाच्या रेणूला अनेक 'हात' असतात. हाताने त्रिकोणाला स्पर्श केला की त्रिकोण उघडतो आणि तिथे पक्का रासायनिक बंध तयार होतो. असे लाखो-करोडो बंध झाले की सुट्या दोऱ्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे एक अखंड, तिन्ही दिशांना विणलेले जाळे बनते.

यातून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, यात काहीच वाळून उडून जात नाही. खळ किंवा डिंक पाणी उडाल्यामुळे वाळतो आणि आकसतो. एपॉक्सी फारच थोडी आकसते, म्हणून फटी भरायला ती उत्तम. दुसरी, दोन्ही घटकांचे प्रमाण वेष्टनावर सांगितल्याप्रमाणेच हवे. 'दृढकारक जरा जास्त घातला तर लवकर घट्ट होईल' हा गैरसमज आहे. हात जास्त आणि त्रिकोण कमी झाले, तर जाळ्यात मोकळी टोके राहतात आणि सांधा मऊ राहतो. तिसरी, ही रासायनिक क्रिया आहे, म्हणून ती उष्णतेने वेग घेते. ढोबळमानाने तापमान 10 अंशांनी वाढले की वेग दुपटीच्या आसपास जातो.

माझी दुसरी चूक

समजा, मी पंप नीट स्वच्छ केला असता, तरी माझा थर घाटात टिकला असता का? बहुधा नाही. घट्ट झालेल्या एपॉक्सीला तापवत नेले, तर एका ठराविक तापमानाच्या आसपास ती काचेसारखी कडक न राहता चामड्यासारखी मऊ होते. ती वितळत नाही, कारण जाळे शाबूत असते. पण जाळ्याचे दोरे हलू लागतात. याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. गुळाचा कडक पाक थंड असता खणखणीत तुटतो आणि जरा ऊब मिळाली की वाकतो, तसेच काहीसे.

पाच मिनिटांत घट्ट होणारी घरगुती एपॉक्सी साधारण 50 ते 60 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. इंजिनाचे पाणी तर नेहमीच 80 ते 95 अंशांवर असते. म्हणजे तुटलेल्या खुर्चीला उत्तम असलेला पदार्थ मी इंजिनावर लावला होता! इथे सावकाश घट्ट होणारी, लोखंडाची पूड मिसळलेली आणि वेष्टनावर 100 अंशांच्या वरचे तापमान सोसण्याची ग्वाही असलेली एपॉक्सीच हवी.

लोखंडाच्या पुडीचा आणखी एक फायदा. शुद्ध एपॉक्सी तापल्यावर बिडाच्या सुमारे पाचपट प्रसरण पावते. 5 सेंटीमीटर लांबीचा थर 30 अंशांवरून 90 अंशांवर गेला, तर त्याखालचे बीड 0.03 मिलिमीटरने वाढते, तर मोकळी एपॉक्सी 0.16 मिलिमीटरने वाढू पाहते. दोघे एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे प्रत्येक वेळी गाडी तापली-निवली की सांध्यात ओढाताण होते. लोखंडाची पूड मिसळली की हा फरक बराच कमी होतो.

मिस्त्रींचा खडू

आता मिस्त्रींनी काय केले ते पाहू. प्रथम पाणी काढून, पट्टा सैल करून त्यांनी पंप सोडवला. मग कवच धुऊन कोरडे केले आणि मला विचारले, "सर, खिशात खडू असेल ना?" खडू होता! त्यांनी बाहेरून खडू फासून सगळा भाग पांढरा केला आणि आतल्या बाजूने रॉकेल लावले. पाच मिनिटांत पांढऱ्यावर एक काळसर रेघ उमटली. केशाकर्षणाने रॉकेल तड्यातून चढले आणि खडूने ते टिपले. मला तडा 4 सेंटीमीटर वाटला होता. रेघ निघाली साडेपाच सेंटीमीटर! म्हणजे माझा थर तड्याच्या टोकापर्यंत पोचलाच नव्हता.

मग त्यांनी रेघेच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडले. फुटलेल्या वस्तूला आणखी भोके? पण हीच दुरुस्तीतील मर्माची पायरी आहे.

1913 मध्ये इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने गणिताने दाखवले, की ताणलेल्या पत्र्यात फट असेल तर तिच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी एकवटतो. तड्याची निम्मी लांबी भागिले टोकाची वक्रतात्रिज्या, याचे वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि त्यात 1 मिळवा. तेवढ्या पटीने टोकाशी ताण वाढतो. आपल्या तड्याची निम्मी लांबी 27 मिलिमीटर आणि टोकाची त्रिज्या 0.01 मिलिमीटर धरली, तर ही पट येते 100 हून अधिक. छिद्र पाडल्यावर टोकाची त्रिज्या होते 1.5 मिलिमीटर आणि पट उतरते साडेनऊवर. पुढे 1921 मध्ये ग्रिफिथ यांचा काचेवरील प्रयोगांचा प्रसिद्ध निबंध आला आणि काच तिच्या रेणूंच्या बळाच्या मानाने इतकी ठिसूळ का, याचे उत्तर अशा सूक्ष्म तड्यांतच आहे हे कळले. मिस्त्रींनी ना इंग्लिस वाचला होता, ना ग्रिफिथ. ते म्हणाले, "भोक पाडलं की तडा तिथं थांबतो. नाही तर लुकणाखालून तो चालत राहतो."

यानंतर कानशीने तड्यावर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच पाडली, म्हणजे लुकण खोल बसेल. भोवतालचे दोन सेंटीमीटर बीड खरबरीत केले. रॉकेलचा अंश राहू नये म्हणून पंप थिनरने दोनदा धुतला आणि उन्हात तापवला. आणि मला बजावले, "आता बोट लावायचं नाही!" बोटाचा तेलकटपणासुद्धा चालत नाही. शेवटी त्यांनी पाण्याचा एक थेंब टाकला. तो मोत्यासारखा गोल न राहता पसरला. स्वच्छ धातू द्रवाला जवळ ओढतो, तेलकट धातू दूर ठेवतो. जिथे पाणी पसरते, तिथे एपॉक्सीही पसरून कानाकोपऱ्यात शिरते.

पुन्हा वाळवून त्यांनी लुकण दाबून भरले आणि त्यावर काचधाग्याच्या कापडाचा तुकडा बसवला. पंप रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तीन तास पेटत्या दिव्याच्या उबेत ठेवला, म्हणजे उरलेसुरले त्रिकोणही उघडतील आणि काचसंक्रमण तापमान वर जाईल. नवे पॅकिंग घालून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.

वेल्डिंग का केले नाही, असे मी विचारले. बिडात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते ठिसूळ असते. एकाच जागी तापवले की तो भाग प्रसरतो आणि निवताना आकसतो. शेजारचा थंड भाग हलत नाही, आणि मग नवाच तडा जातो. संपूर्ण वस्तू आधी सावकाश तापवावी लागते. ते साधन तिथे नव्हते.

लुकणाने काय झाकू नये

दुपारी निघताना मिस्त्रींनी पैसे घेतले आणि दोन गोष्टी ऐकवल्या. पहिली, "पट्टा कुणी एवढा ओढला?" प्रवासाच्या आदल्या दिवशी तो मीच ताणून घट्ट केला होता! पाण्याचा जोर 40 ग्रॅमचा, पण पट्ट्याची ओढ कित्येक किलोग्रॅमची, आणि ती पंपाच्या दांड्यावरून कवचावर येते. तडा बहुधा तिथूनच सुरू झाला होता. दुसरी, "हे घरी पोचण्यापुरतं आहे. नवा पंप लगेच टाका."

हे त्यांनी का म्हटले? एपॉक्सी गळती थांबवते. गेलेले बळ परत आणत नाही. तडा बेअरिंगच्या घरात असेल, बोल्टच्या कानाला असेल किंवा दांड्याच्या सीलजवळ असेल, तर लुकण लावूच नये. तिथे पट्ट्याचा आणि पंख्याचा जोर येतो. तिथे दुरुस्ती सुटली तर फिरता पंखा रेडिएटरमध्ये घुसू शकतो. पंपाच्या पोटाखाली एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी तिथून बाहेर येऊन आपल्याला सूचना देते. ते 'गळते' म्हणून बुजवणे म्हणजे आजाराची खूण झाकणे. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

आम्ही सावकाश घाट चढलो आणि एक थेंबही न गळता कराडला पोचलो. पुढच्या आठवड्यात नवा पंप बसवला. जुना माझ्या वर्गातील टेबलावर आहे. ताणाचा धडा आला की मुलांच्या हाती देतो, आणि सुटलेली ती खपलीही देतो.

करून पाहा

1. पॉलिथिनच्या पिशवीतून दोन सारख्या पट्ट्या कापा. दोन्हींच्या मध्ये कात्रीने आडवा छेद द्या. एकीच्या छेदाच्या दोन्ही टोकांना कागदाला भोके पाडण्याच्या यंत्राने गोल भोके पाडा. दोन्ही पट्ट्या सावकाश ताणा. कोणती आधी फाटते?

2. लोखंडी पत्र्याच्या चार पट्ट्या घ्या. दोन पट्ट्यांना बोटाने खोबरेल तेलाचा हलका हात लावा. उरलेल्या दोन पॉलिश पेपरने घासून साबणाने धुवा आणि वाळवा. प्रथम प्रत्येकीवर पाण्याचा एक थेंब टाकून त्याचा आकार वहीत काढा. थेंब टिपून, पट्ट्या वाळवून प्रत्येक जोडी दोन सेंटीमीटर एकावर एक ठेवून एपॉक्सीने चिकटवा. एक दिवसाने जोडी टांगून खाली बादली अडकवा आणि तांब्यातांब्याने पाणी ओता. सांधा सुटला की पाणी मोजा. सुटलेल्या पृष्ठभागाकडे भिंगातून पाहा आणि ससंजन हरले की आसंजन, ते ठरवा.

हे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावेत. बादलीखाली पाय ठेवू नये. कच्ची एपॉक्सी कातडीला लागू देऊ नये, काहींना तिने पुरळ येते. हातमोजे घालावेत. थिनरजवळ ज्योत नको. आणि गाडीचे इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरला की 100 अंशांच्या वरचे पाणी क्षणात उकळून अंगावर उसळते. या भाजण्यावर कोणतेही लुकण नाही.